सायकलनं कामावर जाणाऱ्यांनो, रस्त्यावर तुम्हाला नेमकं काय पाडतं?

पहिलीपाळी | 4 ऑगस्ट, रात्री 8:50
मंडळी, डावा हात प्लास्टरमधे हाय, एका हातानं टाइप करायलोय, चुका सांभाळून घ्या. मी मुकुंदवाडीहून शेंद्र्याला एमआयडीसीत सायकलनं जातो, जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतं, सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षात खड्ड्यानं मला एकदाबी पाडलं नाही. खड्डा दोन दिवसात पाठ होतो, तिसऱ्या दिवशी हँडल आपोआप वळतं.

पाडलं ते रस्त्याच्या कडेनं. सकाळचे सव्वासहा, भुरभुर चालू. मागून ट्रकनं हॉर्न दिला म्हणून मी खाली साइडपट्टीवर उतरलो. ट्रक गेला. परत वर यायला हँडल जरासं उजवीकडं घेतलं. डांबराची कड मातीपासून चार बोटं वर होती, पुढचं चाक त्या कडेला घासतच गेलं, वर चढंना, आन् माझं अंग तर आधीच उजवीकडं झुकलेलं. पडलो तो मातीवर नाही, रस्त्यावर पडलो, गाड्या येतात त्या बाजूला. मागच्या टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून आज हे लिहायलोय. त्याचं पुढचं चाक माझ्या डब्याच्या पिशवीपासून हातभर लांब थांबलं होतं. मनगटाला फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर.

घरी बसून एकच विचार चालू हाय. आपण सगळे खड्डा खड्डा करतो, पण सायकलवाल्याला खरं पाडतं ते काय? तुमचे अनुभव सांगा. गाव, रस्ता कसा होता, काय झालं, सगळं लिहा.

डबलबार_जालना | 4 ऑगस्ट, रात्री 9:05
आधी हात सांभाळा भाऊ. वजन उचलू नका. मलाबी कडेनंच पाडलंय, दोनदा.

गोदाकाठ | 4 ऑगस्ट, रात्री 9:31
नांदेडहून. पहिलीपाळी भाऊ, तुमच्या दुखण्याबद्दल वाईट वाटलं, पण खड्ड्याबद्दल मी सहमत नाही. खड्डा पाठ होतो हे उन्हाळ्यातलं बोलणं झालं. जुलैत तोच खड्डा पाण्यानं भरला की वरून सपाट दिसतो, आन् रात्रीतून त्याची खोली बदललेली असते. मागच्या वर्षी रोजच्या वाटेवर, रोजच्या खड्ड्यात गेलो. काल टाचेएवढा होता, त्या दिवशी रीम बुडाली. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला, माझे समोरचे दोन दात गेले. खड्डा तोच, जागा तीच. म्हणून पाणी दिसलं की मी आता वळसा घालतो, नाही जमलं तर उतरतो. लोक हसतात, हसू द्या.

काळं_रान | 4 ऑगस्ट, रात्री 10:48
परभणी. मी रस्त्याच्या कामावर साइट सुपरवायझर म्हणून आठ वर्षं काढली, आता सोडलं ते काम. जरा लांब लिहितो.

आपल्याकडं रस्ता कडेलाच का फुटतो, तर खाली काळी माती. ही माती पाणी पिली की फुगते आन् वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तुम्ही बघितल्याच असतील. रस्त्याच्या मधोमध वर डांबराचं झाकण असतं, तिथली ओल फारशी हलत नाही. कडेची माती मात्र उघडी, मार्च ते मे ती वाळत जाते, आकसते, आन् रस्त्याची कड तिच्याबरोबर खाली बसते. मग कडेपासून फूट-दोन फूट आत लांबच लांब उभी भेग पडते. मोटारवाल्याला ती कळतबी नाही. सायकलचं टायर मात्र बरोबर तिच्यात जातं, कारण आपण चालवतो तीच फूट-दोन फुटाची पट्टी. पावसाळ्यात त्याच भेगेतून पाणी खाली जातं, खालचा थर मऊ पडतो, वरून जड गाडी गेली की चिखल दाबून वर येतो, आन् मग तिथं तुमचा खड्डा. म्हणजे गोदाकाठ भाऊ, तुमच्या खड्ड्याचा बाप बऱ्याचदा ती भेगच असती.

आता कड चार बोटं वर कशी राहते? दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर येतो, इंच-दीड इंचाचा. प्रत्येक थराबरोबर साइडपट्टीवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ती रस्त्याच्या पातळीला आणायची असते. काही ठिकाणी गुत्तेदार दोन डंपर मुरूम फाट्यावर ओततो, फोटो होतो, बाकी तसंच. दुसरीकडं मुरूम टाकतात पण दाबत नाहीत, मग पहिल्या मोठ्या पावसात तो नालीत. असे तीन थर झाले की झाली तुमची चार बोटं.

मी तर एवढंच सांगतो, आडवं परवडलं, उभं परवडत नाही. रस्त्याला आडवी असलेली गोष्ट, गतिरोधक म्हणा, आडवा चर म्हणा, दणका देते पण चाक पार होतं. चाकाच्या दिशेनं उभी असलेली गोष्ट चाकाला धरून ठेवते. डांबराची कड, उभी भेग, सिमेंट रस्त्याचा मधला जोड, नालीवरच्या जाळीच्या उभ्या सळया, रेल्वेचा रूळ, हे सगळे एकाच जातीचे. चाक अडकलं की हँडल वळत नाही, आन् हँडल वळलं नाही की सायकलचा तोल राहूच शकत नाही. बाकी कसंबी चालवा.

पहिलीपाळी | 4 ऑगस्ट, रात्री 11:02
काळं_रान दादा, हे वाचून अंगावर काटा आला. अगदी असंच झालं, हँडल वळलंच नाही. मला वाटत होतं माझीच चूक.

रूळ_आणि_रस्ता | 5 ऑगस्ट, सकाळी 6:20
आमच्या इथलं रेल्वे फाटक तिरकं आहे, रस्ता रुळांना सरळ कापत नाही. रुळाच्या आतल्या अंगाला गाडीच्या चाकासाठी फट सोडलेली असते, सायकलचं टायर तिच्यात आरामात बसतं. पावसात रूळ बर्फासारखा. मी फाटकाच्या अलीकडंच वेग कमी करतो, मागं बघतो, डावीकडून जरा आत येतो आणि रूळ काटकोनात कापतो. रुळावर असताना ब्रेक नाही, पायडल नाही, हँडल सरळ. फाटक उघडल्यावर सगळे एकदम सुटतात, त्या गर्दीत हे जमत नाही, म्हणून मी सगळ्यांना जाऊ देतो आणि शेवटी निघतो. दोन मिनिटं जातात.

बुलेटराजे | 5 ऑगस्ट, सकाळी 9:14
एवढा त्रास हाय तर गाडी कामून घेत नाहीत? हप्त्यावर मिळते की.

डबलबार_जालना | 5 ऑगस्ट, सकाळी 9:40
राजे, मी स्टीलच्या कारखान्यात हेल्पर हाय. गाडीचा हप्ता, पेट्रोल, इन्शुरन्स धरलं तर लेकीच्या क्लासची फी जाते. सायकल माझ्या वडलांची, 28 इंची काळी, अजून ठणठणीत. रस्ता नीट ठेवा म्हणलं तर त्यात वावगं काय?

आमच्याकडं अजून एक सांगतो. जालन्याच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर सळईचे तुकडे, तारा, भंगारातून सांडलेले पत्रे पडलेले असतात. भंगाराचा ट्रक ओव्हरलोड असला की वळणावर हमखास काहीतरी पडतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूनं कधी जाऊ नका.

बुलेटराजे | 5 ऑगस्ट, सकाळी 9:52
चुकलं दादा. मनावर घेऊ नका.

आजोबांचं_दुकान | 5 ऑगस्ट, दुपारी 1:30
आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान, बीड, तिसरी पिढी. डबलबार दादांनी तारेचं काढलं म्हणून लिहितो.

हायवेवर ट्रकचं टायर फुटलं की त्याच्या चिंध्या कडेला पडतात, त्यात केसासारखी बारीक पोलादी तार असते. ती सायकलच्या टायरमधे घुसते आणि आतच राहते. गिऱ्हाईक म्हणतं कालच पंक्चर काढलं, आज परत कसं? पंक्चर काढणाऱ्यानं तार काढलेलीच नसते, कारण ती डोळ्याला दिसत नाही. त्याला उपाय म्हणजे कापूस. टायरच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरवायचा, जिथं तार असेल तिथं कापसाचा धागा अडकतो. मग चिमट्यानं ओढून काढायची. बोट फिरवू नका, मी एकदा फिरवलं होतं, नखाखाली गेली.

सराट्याचं वेगळं. सराटा आणि बाभळीचा काटा रानातून ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून सडकेवर येतो. सराटा दिसला तर लगेच उपटू नका, आधी दुकानापर्यंत या, काट्यानंच भोक बुजलेलं असतं. उपटला की हवा गेली.

आणि हवा. कमी हवेवर खड्ड्यात गेलात की ट्यूब रीम आणि दगडाच्या मधे चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. दोन भोकं दिसली की समजायचं काटा नव्हता, हवा कमी होती. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, तेवढं एकदा वाचा. पावसाळ्यात त्यापेक्षा थोडी कमी ठेवा म्हणजे पकड राहते, पण अंगठ्यानं टायर दबेल इतकी कमी नको.

शाळेच्या_बाई | 5 ऑगस्ट, रात्री 8:15
मी हिंगोली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. कामावर जाणारे म्हणालात, पण आमच्या मुलींचं कामच शाळेत येणं आहे, म्हणून लिहू का?

मानव विकासच्या योजनेतून आठवीपुढच्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलींमुळे माझ्या वर्गातल्या किती मुली दहावीपर्यंत टिकल्या ते मी रोज पाहते. वाडीवरून चार-पाच किलोमीटर येतात, दोघी-तिघी मिळून. रस्ता एकेरी, समोरून एसटी आली की खाली उतरायचं, एसटी गेली की वर चढायचं. आधी इथली कड सपाट होती. दोन वर्षांपूर्वी रस्ता नवीन झाला, सगळ्यांना आनंद झाला, आणि त्याच पावसाळ्यात मुली पडायला लागल्या. गुडघे फुटलेले, कोपर सोललेली. मी त्यांनाच रागवायचे, गप्पा मारत येता म्हणून. काळं_रान यांची पोस्ट वाचली आणि मला फार वाईट वाटलं. मुली अगदी पहिलीपाळी यांच्यासारखंच सांगायच्या, 'बाई, चाक वर येतच नाही.' मी ऐकलं नाही.

आज मधल्या सुट्टीत पट्टी घेऊन गेले. शाळेच्या फाट्याजवळ कड साडेतीन इंच आहे, पुलाच्या अलीकडे पाच. पुढे काय करायचं ते कृपया कुणीतरी सांगा.

काळं_रान | 5 ऑगस्ट, रात्री 9:20
बाई, तुम्ही मोजलं तिथंच अर्धं काम झालं. रस्त्याच्या सुरुवातीला कामाचा फलक असेल, त्यावर कामाचं नाव, किंमत आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर गुत्तेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढा. प्रधानमंत्री ग्रामसडकचा रस्ता असेल तर काम झाल्यावर 5 वर्षं देखभाल त्याच गुत्तेदाराकडं असते, आन् साइडपट्टी त्या देखभालीत येते. पट्टी कडेला उभी धरून, आकडे वाचता येतील असा फोटो काढा, बरोबर किलोमीटरचा दगड दिसू द्या. नुसतं 'रस्ता खराब आहे' लिहिलं तर 'पाहणी करून कार्यवाही करण्यात येईल' एवढं उत्तर येतं. 'अमुक किमीला डाव्या बाजूस 5 इंच' असं लिहिलं की कुणालातरी जाऊन मोजावं लागतं.

आन् मुलींना एक शिकवा, ग्राउंडवर वीट ठेवून शिकवता येईल. खाली उतरल्यावर चालत्या सायकलवर तिरकं वर चढायचं नाहीच. थांबायचं, पाय टेकवायचा, पुढचं चाक उचलून वर ठेवायचं, मग निघायचं. एसटी आलीच तर आधी वेग कमी करून थांबायचं, मग उतरायचं.

काळा_कोट | 5 ऑगस्ट, रात्री 10:05
वकील आहे, संभाजीनगर. दोन गोष्टी नोंदवून ठेवा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुसरं, मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मधे आदेश दिला की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना इजेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारा, तिथं सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.

पहिलीपाळी, तुम्ही दवाखान्यात कारण काय लिहून दिलंत? बहुतेक जण 'सायकलवरून पडलो' एवढंच सांगतात आणि कागदावर रस्ता येतच नाही.

पहिलीपाळी | 5 ऑगस्ट, रात्री 10:20
तेच सांगितलं वकीलसाहेब. सायकलवरून पडलो.

तेरणामाई | 6 ऑगस्ट, सकाळी 7:45
धाराशिव. सोयाबीनचं कुणीच कसं बोललं नाही? ऑक्टोबरात येऊन बघा आमच्याकडं. अर्ध्या सडकेवर सोयाबीन पसरलेलं असतं. दाणा टणक, गोल, त्यावर चाक गेलं की छऱ्यावर गेल्यासारखं. मी दूध घालायला जातो, मागं दोन कॅन, चाळीस लिटर. एकदा वळणावर सोयाबीनवरून गेलो, सायकल खालून निघूनच गेली. दूध सगळं नालीत. शेतकऱ्यांनी सडकेवर माल टाकणं बंद करावं, एवढंच माझं म्हणणं.

कोरडवाहू | 6 ऑगस्ट, सकाळी 8:30
दादा, तुमचं दूध सांडलं ते वाईट झालं. पण टाकणारा मी हाय म्हणून बोलतो. पूर्वी प्रत्येकाच्या रानात खळं असायचं, शेणानं सारवलेलं. आता मळणी मशीननं होते, खळी मोडली, वावराचे तुकडे झाले. ऐन काढणीत पाऊस येतो, ओला माल मोंढ्यात नेला की ओलाव्याचं कारण सांगून भाव पाडतात. वाळवायला काळ्या रानात जागा नाही, वरून ऊन आन् खालून ओल. सडक तेवढी कोरडी आन् तापलेली. आम्हाला काय हौस नाही रस्त्यावर बसून माल राखायची.

तेरणामाई | 6 ऑगस्ट, सकाळी 8:52
मान्य. मीबी शेतकऱ्याचंच पोरगं हाय. पण दगडाचं काय? गाडी मालावर येऊ नये म्हणून कडेनं दगड मांडता, संध्याकाळी माल भरून घरी जाता आन् दगड तिथंच. अंधारात ते दगड कुणाला दिसणार?

कोरडवाहू | 6 ऑगस्ट, सकाळी 9:10
हे बरोबर बोललात. दगड राहतात. माझेबी राहिलेत. औंदापासून दगड नाही, चुन्याची पोती ठेवीन आन् जाताना उचलीन. आन् वळणावर नाही टाकणार, सरळ सडकेवर टाकीन, लांबून दिसंल असं.

उसाचं_गाव | 6 ऑगस्ट, दुपारी 12:15
उसाच्या सीझनमधे तेच. चढावर ट्रॅक्टर बंद पडला की ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावतात आणि निघताना तसेच सोडतात. रात्रपाळीवाल्यांनो, उजेड चांगला ठेवा. ताशी 20 च्या वेगानं सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. बॅटरीचा उजेड आठ मीटर पडत असेल तर दगड दिसल्यावर दीड सेकंदात तुम्ही त्याच्यावर. आणि समोरून गाडीचा फोकस आला की काहीच दिसत नाही, तेव्हा कडेला दाबू नका, वेग कमी करा. कडेलाच सगळं पडलेलं असतं.

गोदाकाठ | 6 ऑगस्ट, दुपारी 2:40
गावोगाव घातलेल्या गतिरोधकाचं कोण बोलणार? काळं_रान म्हणतात आडवं परवडतं, माझ्या मणक्याला परवडत नाही.

काळं_रान | 6 ऑगस्ट, दुपारी 3:05
भाऊ, इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आन् 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी 25 च्या वेगाला सुखानं पार होतो. गावात अपघात झाला की लोक रात्रीतून सिमेंटची फूटभर रुंद वरंडी घालतात, वर पट्टे नाहीत, अलीकडं फलक नाही. लेकरू गेलेल्या माणसाला मी काय मानक सांगणार. सीटवरून उठून उभं राहायचं, कोपर आन् गुडघे सैल, ब्रेक आधीच मारून सोडून द्यायचा. पुढचा ब्रेक धरून वरंडीवर गेलात तर हँडलवरून पुढं जाल.

चालकदादा | 6 ऑगस्ट, रात्री 9:45
मी ट्रक चालवतो, वाचून राहवलं नाही. हॉर्न दिला की सायकलवाला लगेच खाली उतरतो, आम्हाला वाटतं बरं झालं, रस्ता मोकळा. खाली कड एवढी असते आन् परत चढताना माणूस आमच्याच चाकाखाली येऊ शकतो, हे मला खरंच माहीत नव्हतं. कॅबिनमधून कड दिसत नाही. आता हॉर्न लांबून एकदाच देईन आन् समोर मोकळं होईपर्यंत मागं राहीन.

पहिलीपाळी | 6 ऑगस्ट, रात्री 10:10
चालकदादा, हात बरा असता तर तुमचा हात हातात घेतला असता.

डबलबार_जालना | 6 ऑगस्ट, रात्री 10:30
मग आपण चालवायचं कुठून? कडेला भेग, कडेच्या खाली माती, मधे ट्रक.

रूळ_आणि_रस्ता | 7 ऑगस्ट, सकाळी 6:10
कडेपासून हातभर आत. पांढऱ्या पट्टीवर नाही, पावसात तो रंग घसरतो. हातभर आत असलं की मागचा लांबूनच बघतो आणि डावीकडं दाबायला थोडी जागा राहते, खाली उतरावं लागत नाही. सुरुवातीला भीती वाटते, शिव्याही पडतात.

शाळेच्या_बाई | 19 ऑगस्ट, रात्री 8:40
धागा मागे गेला असेल, तरी कळवते. फलकाचा फोटो, सात ठिकाणची मापं आणि पालकांच्या सह्या असा अर्ज दिला. एक माणूस येऊन मोजून गेला. काल फाट्यापासून पुलापर्यंत मुरूम पडला आणि रोलरही फिरला, पुलाच्या पलीकडचं राहिलं आहे, त्यासाठी पुन्हा अर्ज लिहिला आहे. खेळाच्या तासाला विटा मांडून चाक उचलायचा सराव सुरू आहे. आठवीतल्या एका बारक्या मुलीला सायकल उचलतच नव्हती, तिनं स्वतःच शोधून काढलं की ब्रेक दाबून हँडल पोटाकडे ओढलं की चाक सहज वर येतं. आता तीच बाकीच्यांना शिकवते.

पहिलीपाळी | 25 ऑगस्ट, संध्याकाळी 7:30
प्लास्टर निघालं. मूठ पूर्ण वळत नाही अजून, ब्रेक दाबायला जोर येत नाही म्हणून आठवडाभर बसनं जाणार. आज पडलो त्या जागी चालत गेलो, पट्टी घेऊन. साडेचार इंच. कडेला माझ्या टायरची काळी घासलेली रेघ अजून हाय, दोन हात लांब. फोटो काढला, किलोमीटरचा दगड घेतला त्यात. बाई, तुमच्या अर्जाचा नमुना इथं टाकता का?

शाळेच्या_बाई | 25 ऑगस्ट, संध्याकाळी 7:52
टाकते, दहा मिनिटं द्या. मुलीनं सुंदर अक्षरात लिहिलाय, तोच फोटो काढून देते.